गोंडा

जालन्याच्या मिशन कंपाउंडात माझं मशीन
खिडकीशी असतं, उजेड सरेपर्यंत.
त्या रविवारी उपासना आटोपून लोक जेवायला पांगलेले,
तेव्हा एझ्रा नवगावकर आले.
रेल्वेतून सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त,
आमच्या भागात शनिवारी काडी न ओढणारं एकच घर.
कागदातून त्यांनी पांढरी चादर काढली,
काळ्या पट्ट्यांची, आजोबांची, कोकणातून आलेली.
"मधोमध विरलीय. रफू कर, सुवार्ता.
कोपऱ्यांना हात घालू नको.
म्हणजे, हात लाव. गाठी सोडू नको."

चार कोपरे, चार गोंडे.
मी शिवणारी बाई, मोजल्याशिवाय राहवत नाही.
आठ पदर. पाच गाठी. गाठींच्या मधे वेढे.
"हे कशाला, काका?"
"खूणगाठ. तुम्ही नाही का पदराला मारत,
बाजारातून मीठ आणायचं राहू नये म्हणून?
तशी, आज्ञा विसरू नयेत म्हणून.
पूर्वी यात एक दोरा निळा असायचा.
तो रंग कशाचा करायचे, तेच पुढे विसरले लोक."
आणि स्वतःशीच हसले,
"आठवणीच्या दोऱ्याचाच रंग!"

ते गेल्यावर सुई हातातच राहिली.

गोंडा.
हा शब्द मी पाठशाळेपासून वाचत आलेय.
बारा वर्षं अंगावरून जाणारी ती बाई
गर्दीत मागून आली आणि शिवली
ती गोंड्याला.
मला वाटायचं झालर असेल झग्याला, शोभेची.
कॅलेंडरवर तशीच होती, सोनेरी,
आणि आत उभा माणूस दुधासारखा गोरा.

कुणी सांगितलंच नाही
की त्याच्या आईने त्याच्या कोपऱ्यांना गाठी मारल्या असतील,
की तो रस्त्याने चालायचा तेव्हा
ज्या कायद्याला आम्ही कठोर म्हणतो
तो त्याच्या पोटऱ्यांशी हलत असायचा.
तिने हात घातला तो नेमका त्याच दोऱ्यांना.
कायदा मोडून नव्हती ती बरी झाली.
का झाली, मला ठाऊक नाही.
पण धरलं होतं तिने ते आज्ञेचं टोक.

आमच्यात ढोंग्याला परुशी म्हणतात.
एकदा मीही म्हटलं, काकांच्या देखत.
ते चहा बशीत ओतत म्हणाले,
"परुशी म्हणजे आमचे मास्तर लोक. भांडायचे फार,
पण पोथी मधे ठेवून.
तोही त्यांच्याच ओट्यावर बसून भांडायचा.
परक्याशी कोण एवढा वेळ घालवतं?"

माझी पणजी अंबडकडची.
तिला पाणी मिळायचं वरून, ओंजळीत, लांबून.
तिला ही गोष्ट सांगितली कुणीतरी
आणि तिने एवढंच ऐकलं:
शिवली, आणि तो म्हणाला, लेकी.
तेवढ्यावर ती उठून आली.
तिचं काहीच चुकलं नाही.
चुकलं आमचं, नंतरच्यांचं.
आमच्या वेशीतले विहीर राखणारे
आम्ही उचलून त्याच्या गावात नेऊन बसवले,
आणि त्याच्या आईबापांना, मामामावश्यांना
त्यांचे चेहरे दिले.

रफू बारीक उतरलं. मी पैसे घेतले नाहीत,
त्यांनी मशीनखाली ठेवले.

संध्याकाळी उरलेल्या रिळातून
एक गोंडा करून पाहिला. निळा दोरा घातला,
शेजारच्या गल्लीत चौदा एप्रिलच्या पताका शिवल्या होत्या, त्यातला.
बाबांच्या हातात दिला.
चाळीस वर्षं खेडोपाडी याच गोष्टीवर बोललेला माणूस,
आता डोळ्यांनी अधू.
"काय गं हे?"
"शिवली ना ती बाई, ते."

त्यांनी अंगठ्याने गाठी चाचपल्या.
एक, दोन, तीन, चार.
पुन्हा पहिल्यापासून.
मग म्हणाले, "एक राहिली का?"
आणि गोंडा परत दिला नाही.